दाजींचा वीजबाजार

कोल्हापुरात विजेचा झटका बसलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण विजेच्या भावाचा झटका बसलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानानं सांगतो की तक्रार म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. अडचण एवढीच, की आम्ही दोघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात, एकाच इलेक्ट्रिकल विभागात शिकवतो आणि वयानं, ज्ञानानं, आवाजानं ते माझ्याहून मोठे असूनही विभागप्रमुखाच्या खुर्चीत मी बसतो. ती खुर्ची आधी त्यांच्याकडंच चालून आली होती. "त्या खुर्चीत बसलं की माणूस नुसत्या सह्या करतोय. मला शिकवायचंय," असं म्हणून त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. तेव्हापासून तिच्यात बसताना मला दुसऱ्याच्या पानावर जेवायला बसल्यासारखं वाटतं. मुळात मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. शेजाऱ्यांची लाईट गेली आणि आमची राहिली, तर त्यांच्या दारावरून जाताना मी मान खाली घालतो.

दाजी शिकवतात त्या विषयाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. वीज क्षेत्राची पुनर्रचना, नियंत्रणमुक्ती, बाजार असं सगळं त्यात येतं. पोरं त्याला नुसतं 'लिलाव' म्हणतात आणि दाजींना 'लिलाव सर'. पूर्वी वीज तयार करायची, तारांवरून आणायची आणि घराघरांत द्यायची ही तिन्ही कामं एकाच सरकारी मंडळाकडं होती. पुढं ती वेगळी झाली, खाजगी लोक उतरले, आणि उद्याची वीज आज लिलावात विकली जाऊ लागली. ही एवढी गोष्ट मला एका वाक्यात संपल्यासारखी वाटते. दाजींना तिच्यासाठी अख्खं वर्ष पुरत नाही. आमच्या विभागातली बाकीची माणसं मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरवाली. हात लावला तर गरम लागेल अशा वस्तूंवर आमचा विश्वास. दाजी मात्र कुणालाही न दिसणाऱ्या बाजारात रमतात. याचं मूळ त्यांच्या गावात असावं. ते हुपरीचे. तिथं घरोघर चांदीचे पैंजण घडतात आणि सकाळी माणसं एकमेकांची तब्येत विचारायच्या आधी चांदीचा भाव विचारतात. दाजींच्या आई त्यांना पाळण्यात झोपवताना अंगाई म्हणायच्या की भाव सांगायच्या, असं मी एकदा थट्टेनं विचारलं होतं. "भाव चढला की म्हणायची, पडला की न्हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

वीजबाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा निघतो. या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. दाजींनी घड्याळ सोडून दिलं आणि हे ब्लॉक धरले. "दहा वाजता येतो" असं ते म्हणत नाहीत, "एकेचाळिसाव्या ब्लॉकात येतो" म्हणतात. एकदा त्यांच्या घरी नळ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसानं फोनवर वेळ विचारली. दाजींनी ब्लॉक सांगितला. तो बिचारा त्या नंबरचा फ्लॅट शोधत शेजारच्या इमारतीचे सगळे मजले चढून-उतरून निघून गेला आणि आक्का दोन दिवस बादलीनं पाणी भरत होती. आक्का म्हणजे माझी मेहुणी, दाजींची बायको. दोघी बहिणी गडहिंग्लजच्या. तिकडं थोरल्या बहिणीला आक्काच म्हणतात, आणि आक्का या शब्दात जेवढा दरारा मावतो तेवढा सगळा तिच्यात आहे. आमच्याकडं बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात; त्या दिवशी ती म्हणाली, "आता ह्यांच्या ब्लॉकात ह्यांनाच बसवून कुलूप लावतो बघ."

कुलूप लावलं नाही, पण तिनं दाजींचंच हत्यार दाजींवर उलटवलं. बाजाराचा नियम असा, की कुणाला किती वीज लागणार ते आदल्या दिवशी नोंदवायचं, आणि नोंदवल्याप्रमाणे वागला नाहीत तर दंड. दाजींनी कौतुकानं हा नियम स्वयंपाकघरात आणला. रात्री झोपण्यापूर्वी ते दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या नोंदवू लागले. आक्कानं चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी दंड ठरवून टाकला. एका रविवारी मी तिथं जेवायला होतो. पिठलं फक्कड झालं होतं. दाजींनी नेहमीच्या तीन भाकऱ्या संपवल्या आणि चौथीकडं आशेनं बघितलं.

"काल किती सांगितल्यासा?" आक्का म्हणाली.

"तीन. पण हे साडू आल्यात. पावण्यांसंगं एखादी जास्ती जाती की."

"मला काय सांगू नका. नोंद तीनची हाय. चौथी खावा, आन सगळी भांडी घासा."

दाजींनी चौथी खाल्ली आणि भांडी घासली. घासताना मला म्हणाले, "बघा, दंड बरोबर बसला की ग्रिड कसं स्थिर ऱ्हातंय." ग्रिड म्हणजे पदराला हात पुसत उभी असलेली आक्का. मला मात्र वाटत राहिलं, की मी जेवायला गेलो नसतो तर त्यांना भांडी घासावी लागली नसती.

त्यांच्या नातवाच्या बारशाची मेथी तर आमच्या दोन्ही घरांत म्हणीसारखी वापरली जाते. मेथी आणायला दाजी मंडईत गेले आणि घासाघीस करायचं सोडून त्यांनी तिथं वीजबाजार भरवला. एकेका मावशीला विचारायचं, पेंड्या किती आणि भाव काय. मग स्वस्तातली पहिली, महागातली शेवटी अशी मनातल्या मनात रांग लावायची आणि आपली गरज जिथं भागते तिथं थांबायचं. शेवटच्या मावशीनं पंधरा सांगितले होते. आता वीजबाजाराचा रिवाज असा, की शेवटच्या विकणाऱ्याला जो भाव मिळतो तोच सगळ्यांना मिळतो. त्यामुळं ज्या मावशीनं दहा सांगितले होते तिच्याही हातावर दाजींनी पंधराच्या हिशेबानं पैसे ठेवले. तिनं ते दोनदा मोजले, मग दाजींच्या तोंडाकडं बघितलं आणि काळजीनं विचारलं, "घरी कोण हाय न्हवं तुमच्या?"

पुढच्या आठवड्यात दाजी पुन्हा मंडईत गेले. सगळ्या मावश्यांनी एकमुखानं पंचवीस सांगितले. दाजी रिकामी पिशवी हलवत, चेहरा उजळवून घरी आले. "रिंग केली! सगळ्यांनी मिळून रिंग केली!" दुसऱ्या कुणाला रोगाचं लक्षण दिसलं तर तो घाबरेल, डॉक्टर खुश होतो, तसं त्यांचं झालं होतं. व्यापाऱ्यांनी संगनमतानं भाव चढवणं म्हणजे रिंग. आणि रिंग कशी ओळखायची या प्रकरणावर दाजी तीन-तीन तास बोलू शकतात.

"ते ऱ्हाऊ दे. मेथी कुठाय?" आक्कानं विचारलं.

"आणली न्हाय. मागणी मागं घेतली."

"मग आज मागणीच खावा."

असा हा माणूस वर्गात उभा राहिला की बघत राहावं. मी कधीकधी खिडकीबाहेर उभा राहून ऐकतो. विभागप्रमुखानं चोरून ऐकणं बरं दिसत नाही, तरी ऐकतो. या वर्षी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियंत्रणमुक्ती शिकवायला घेतली. पुस्तक बंद होतं. फळ्यावर त्यांनी एक लांब रेघ ओढली.

"हा रस्ता. कुणाचा?"

"सरकारचा, सर."

"ह्याच्यावरनं आधी काय पळायचं?"

"एष्टी."

"आन आता?"

"एष्टी आन वडाप."

वडाप म्हणजे आमच्याकडची माणसं भरून नेणारी जीप. फाट्यावर उभी राहते, ड्रायव्हर गावाच्या नावानं ओरडतो, आणि भरली की सुटते. दाजी म्हणाले, "हीच नियंत्रणमुक्ती. रस्ता एकच, त्याच्यावरनं गाड्या कुणाच्याबी. तार एकाची, वीज कुणाचीबी. वडाप कुणाचं?"

"आमच्या मामाचं हाय सर," मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला.

"मग मामाला विचारून ये, रस्त्याचं भाडं कोण देतंय. उद्या तेच शिकवणार हाय."

हशा पिकला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ही शाहूवाडीकडच्या एका डोंगरातल्या वाडीची. तिच्या घरची थोडी भातशेती आहे आणि त्या वाडीतून इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच. "सर, एक विचारतो. आमच्या वाडीला वडाप येत न्हाय."

"का येत न्हाय?"

"भरत न्हाय. चार माणसं असत्यात, एखादं कोकरू. एष्टी तेवढी येती, सकाळी आन सांजचं. सगळंच वडापवाल्यांच्या हातात दिलं तर आमी काय करायचं?"

दाजींनी खडू खाली ठेवला. बराच वेळ ते त्या रेघेच्या टोकाकडं बघत होते, जणू तिच्या पुढं ती वाडी दिसत होती. मग म्हणाले, "हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला न्हाय."

"मग तुमी सांगा की."

"मलाबी सुटलेला न्हाय. म्हणून तर शिकवतोय." आणि पुन्हा खडू उचलून ते म्हणाले, "नियंत्रणमुक्ती ह्या शब्दाला भुलू नका. बैलाचं दावं सोडायचं असलं तर आधी शेताला कुंपण घालावं लागतंय. दावं एक असतंय, कुंपण चारी बाजूंनी. मोकळ्या बाजाराला बांधलेल्या बाजारापेक्षा जास्त नियम लागत्यात. ते नियम लिहायला तुमच्यासारखी पोरं पायजेत, ज्यांच्या वाडीला वडाप येत न्हाय."

मी खिडकीबाहेर उभा होतो आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या छातीवर दगड होता. कारण हा विषय बंद होण्याच्या वाटेवर होता आणि ते दाजींना सांगायचं काम माझ्याकडं होतं. हा विषय इलेक्टिव्ह, म्हणजे पोरांनी आपल्या मर्जीनं निवडायचा. निवडणारी किमान वीस पोरं हवीत. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात वीस भरली नाहीत तर विषय रद्द, आणि जी असतील ती दुसऱ्या वर्गात. सध्या सगळा ओढा डेटा आणि मशीन लर्निंगकडं आहे. तिथं बाक पुरत नव्हते आणि दाजींच्या वर्गात अकरा जण होते. प्राचार्य वाईट माणूस नाही. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "डेटा शिकवणाऱ्या मॅडम लोकांना वर्ग मिळंनात आन हितं अकरा पोरांना अख्खा हॉल. तुमचे साडूच हैत, तुमीच सांगा." मी दोन शब्द बोलू शकलो असतो. पण बोललो तर सगळे म्हणणार, साडूसाठी बोलतोय. आणि न बोललो तर माझं मन मला खाणार. मी न बोलणं निवडलं.

त्या संध्याकाळी मी दाजींच्या घरी गेलो. आक्कानं चहा ठेवला. मी वाक्य मनात जुळवत होतो.

"दाजी, ते इलेक्टिव्हचं जरा..."

"वीस हुईत न्हाईत," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"वर्गात मीच असतोय न्हवं? मोजता येतंय मला." त्यांनी कप बशीत ठेवला. "मागणी न्हाय, तर माल बाजारातनं मागं घ्यायचा. जन्मभर पोरांना दुसरं काय सांगितलं? आता माझ्यावर आलं म्हणून नियम बदलू व्हय?"

आक्का आतून म्हणाली, "मग तोंड का पडलंय?"

"पडलंय कुठं? तोंडच असलं हाय."

मी म्हणालो, की तुम्ही पोरांना जरा बोलावा, दुसऱ्या वर्गात जाऊन विषयाबद्दल सांगा. त्यांनी मान हलवली. आपलाच माल चांगला म्हणून ओरडत फिरणं त्यांना जमत नव्हतं. मी उठलो तेव्हा त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, नेहमीपेक्षा दोन शब्द जास्त बोलून माझी तब्येत विचारली, आणि तेच मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी आक्काचा बायकोला फोन आला. दाजींनी रात्री एकच भाकरी नोंदवली होती.

पंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी मी प्राचार्यांबरोबर वर्गांवरून फिरत होतो. दाजींच्या हॉलमधून असा आरडाओरडा येत होता, की जनावरांचा बाजार भरलाय असं वाटावं. प्राचार्यांनी दार ढकललं. आत खरोखरच बाजार होता. टेबलापाशी दाजी खांद्यावर टॉवेल टाकून उभे, एका पोराचा हात त्यांच्या हातात, दोघांच्या हातांवर दुसरा टॉवेल झाकलेला, आणि बाकीची पोरं भोवती कोंडाळं करून. बैलांच्या बाजारात व्यापारी असेच टॉवेलाखाली बोटं दाबून भाव करतात. किती बोटं दाबली ते दोघांनाच कळतं, बघणाऱ्याला नाही.

"हे काय चाललंय?" प्राचार्य म्हणाले. "मटका लावलाय का कॉलेजात?"

"वीज विकतोय, सर," दाजी हात न सोडता म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. एक पोरगा कोळसा, एक धरणाचं पाणी, एक साखर कारखाना, एक ऊन. प्रत्येकानं आपला भाव गुपचूप सांगायचा. कागदावर का नाही, असं मी विचारलं. "कागदावर लिहिलं की शेजारचा बघतोय. चार वर्षं हीच सवय लागल्या त्यांना. टॉवेलाखालची बोटं कॉपी करता येत न्हाईत." उन्हाला काही खर्च नाही म्हणून ऊन झालेल्या पोरानं एकही बोट दाबलं नव्हतं. कोळशाची पाळी चालू होती. तो पोरगा प्राचार्यांना बघून इतका गांगरला, की त्यानं दाजींचा अख्खा पंजा घट्ट धरून ठेवला. दाजींनी तो भाव धरला. कोळसा एकदम कडाडला, आणि शेवटचा भाव तोच असल्यामुळं सगळ्यांनाच तो मिळाला. ऊन झालेला पोरगा बाकावर चढून नाचायला लागला. "फुकट म्हणालो आन पंजाचा भाव घावला!" कोळसा बिचारा म्हणत होता, "अवो सर, मी शेकहँड केलता!"

प्राचार्यांच्या तोंडावर हसू आलं होतं, पण ते त्यांनी आवरलं. मग विकत घेणारे पुढं आले. एक पोरगा लोखंड ओतणारी फाउंड्री झाला होता, त्यानं वाटेल तो भाव द्यायची तयारी दाखवली. एक जण शहर झाला होता. शेवटी शाहूवाडीची ती मुलगी. ती स्वतःचीच वाडी झाली होती. तिनं टॉवेलाखाली हात घातला आणि एक बोट दाबलं. तेवढीच तिच्या वाडीची ऐपत. भाव पंजाचा निघाला होता. वाडी लिलावाबाहेर गेली.

"म्हंजे आमची लाईट गेली?" तिनं विचारलं.

"गेली," दाजी म्हणाले.

ऊन बाकावरून खाली उतरलं. ती मुलगी तशीच उभी होती, टॉवेल हातात धरून. मग फाउंड्री झालेला पोरगा म्हणाला, "सर, असा नियम करता येत न्हाय का, की लिलावाच्या आधी वाडीला लागती तेवढी बाजूला काढायची? मग उरलेल्यावर आमी भांडतो." कोळसा म्हणाला, "मग तिचे पैशे कोण भरणार?" आणि त्यावरून त्यांची अशी जुंपली, की पाणी एका बाजूला, कोळसा दुसऱ्या बाजूला, आणि साखर कारखाना दोन्हीकडून ओरडायला लागला. दाजी टॉवेल खांद्यावर टाकून बाजूला झाले. असा सुखी माणूस मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

प्राचार्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "चांगलं चाललंय," ते म्हणाले. "पण तुमी अकराच हाय. वीस भरली न्हाईत, उद्यापासनं दुसऱ्या वर्गात बसायचं. तुमच्या सरांस्नी ठाऊक हाय."

पोरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दाजींकडं बघितलं. दाजी टॉवेलाची घडी घालत होते.

"सर, एक विचारतो," ती मुलगी म्हणाली. मी सावरून उभा राहिलो, कारण तिचे प्रश्न कसे असतात ते मला माहीत होतं. "वडाप भरलं की सुटतंय. एष्टी वेळ झाली की सुटती, चार माणसं असूदेत नायतर दोन. हा विषय वडाप हाय का एष्टी?"

"एष्टी तोट्यात चालती, बाळ," प्राचार्य म्हणाले.

"म्हणून आमच्या वाडीची बंद केली न्हाय न्हवं? ती बंद असती तर मी हितं कशी आलो असतो?"

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडं वळले. "तुमी विभागप्रमुख. तुमचं काय म्हणणं?"

मला आठवतं, हॉलमधला पंखा कुरकुरत होता. दाजी माझ्याकडं बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते, मला अडचण होऊ नये म्हणून. आणि ते कळल्यावर माझं तोंड उघडलं. "माझे ते साडू आहेत, त्यामुळं माझं मत अर्धंच धरा," मी म्हणालो. "पण अर्धं मत असं, की हा विषय चालू राहावा. डेटा कुठंही शिकवतात. वाडीची लाईट कोण ठरवतं, हे फक्त इथं शिकवतात."

"अर्धं मत बरंच लांब हाय की," प्राचार्य म्हणाले. पोरं हसली. मग ते फळ्याकडं वळले. "ठीक हाय. ह्या वर्षी अकरा तर अकरा. पण पुढल्या वर्षी हे रिटायर हुत्यात. एष्टी सोडतो मी, ड्रायव्हर कोण?"

हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. विभागात हा विषय येणारा दुसरा माणूस नाही. नवीन माणूस मिळेल याची खात्री नाही. दाजी आता पहिल्यांदा अस्वस्थ दिसले. विषय जगला आणि त्याच क्षणी त्याचं वय त्यांच्या वयाला येऊन चिकटलं. माझ्या तोंडून शब्द निघाला तेव्हा तो मी विचार करून काढला नव्हता. "मी शिकवीन," मी म्हणालो. "आधी शिकतो, मग शिकवतो."

दाजींनी घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि तोंड पुसलं. घाम नव्हता आलेला.

तेव्हापासून मी दाजींच्या वर्गात बसतो. शेवटचा बाक माझा. माझ्या शेजारी तो मामाच्या वडापवाला पोरगा बसतो आणि मला कुठल्या पानावर आहोत ते दाखवतो. सत्तावीस वर्षं मोटारी शिकवलेल्या डोक्यात भावाच्या शिड्या सहजी चढत नाहीत. मला गृहपाठ मिळतो, आणि तो अपुरा राहिला तर आक्काकडं निरोप जातो. विद्यार्थ्यांसमोर ते मला साडू म्हणत नाहीत, विभागप्रमुख तर नाहीच. पावणं म्हणतात. आमच्या भागात अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात आणि सोयऱ्यालाही. त्या वर्गात मी दोन्ही आहे.

दाजींचा आवाज अलीकडं तासाच्या शेवटी बसतो. मग ते टेबलाला टेकतात आणि हळू बोलतात, आणि अकरा पोरं आपोआप पुढं सरकतात. परवा त्यांनी एका लांब तारेवर वीज अडली की दोन गावांचे भाव वेगळे का होतात ते समजावलं. कठीण होतं. फळा रेघांनी भरला. तास संपत आला होता, खिडकीतून तिरपं ऊन फळ्यावर पडलं होतं आणि खडूची भुकटी त्यात तरंगत होती. पोरांच्या माना हलल्या. दाजींनी डोळे बारीक करून शेवटच्या बाकाकडं बघितलं.

"पावणं, कळलं का?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मग ऐका," ते म्हणाले. फळा पुसला, बाही वर सारली, आणि पहिल्या रेघेपासून पुन्हा सुरुवात केली, जरा मोठ्या आवाजात, जरा सावकाश.

मला खरं तर पहिल्याच वेळी कळलं होतं.